तुटक रेषा

आमच्या भंडाऱ्याकडे वाट विचारणाऱ्याला ‘मला ठाऊक नाही’ असे सांगणारा माणूस क्वचितच भेटतो. तुम्ही कुठल्याही गावाचे नाव घ्या, पारावरचा म्हातारा हात लांब करून म्हणणार, “हे काय जी, जवळच आहे.” ते जवळचे गाव मग तीन कोसांवर निघते. या सवयीला मी पुष्कळ वर्षे हसत आलो. माझ्या एका कादंबरीत असा एक म्हातारा मी रंगवलाही आहे. पण गेल्या वर्षी एका प्रसंगाने माझे ते हसू मावळले. त्या म्हाताऱ्याहून मी काही वेगळा नाही, असे माझ्या ध्यानात आले. म्हातारा निदान अंदाजाने सांगतो. मी तर कागदावर रेघ ओढून सांगितले होते.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकलेचा एक अभ्यासक्रम पुरा केला आणि शाळेत चिकटलो. शाळेला सायकलने जातो, त्यामुळे चाळिशी उलटली तरी पाय शाबूत आहेत. माझा एक जुना विद्यार्थी नागपुरास नोकरीला आहे. त्याला आणि त्याच्या मित्रांना लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचा नाद. २०२३ च्या दिवाळीनंतर तो घरी आला आणि म्हणाला, “सर, यंदा आपल्या जिल्ह्यातून २०० किलोमीटरची नवी फेरी काढतो आहोत. वाट ठरवली आहे. पण कुणीतरी ती आधी चालवून बघायला हवी. तुम्ही जाता का? आणि नकाशाही तुम्हीच काढा.”

या फेऱ्यांची रीत मला फार आवडली. इथे पहिला, दुसरा असा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, एवढीच अट. कुणाची मदतीची गाडी मागे नाही. तहान, भूक, पंक्चर ज्याचे त्याने निस्तरायचे. वाटेत काही ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, दुकानाची पावती जपायची, किंवा कार्डावर छापलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर लिहायचे: अमुक देवळाचे दार कोणत्या रंगाचे आहे? म्हणजे माणूस तिथून खरोखर गेला होता याची खूण. १८९७ साली इटलीत काही सायकलस्वार रोमहून निघून दिवस मावळायच्या आत नेपल्सला पोचले, तिथून या वेडाची सुरुवात झाली म्हणतात. फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत यायचे, अशी १२०० किलोमीटरची शर्यत १८९१ सालीच झाली होती. पहिला आलेला शार्ल तेराँ सुमारे ७१ तासांत परतला. आता दर चार वर्षांनी हौशी मंडळी तीच वाट ९० तासांच्या आत पुरी करतात आणि आपल्याकडचे लोकही तिथे जातात.

पण माझे मन गुंतले ते आधी वाट चालवून बघण्याच्या कामात. फेरीच्या दिवशी ज्यांना पाणी द्यायचे, कार्डे तपासायची, ती मंडळी आठपंधरा दिवस आधी तीच वाट स्वतः चालवून येतात. खड्डा कुठे आहे, वळण कुठे चुकते, चहा कुठे मिळतो, हे सारे टिपून आणतात. मागून येणाऱ्यांनी विश्वासाने चालावे म्हणून कुणीतरी आधी अविश्वासाने चालायचे! ही कल्पना मला मोठी उदात्त वाटली. मी लगेच होकार दिला.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी पहाटे सहाला मी भंडाऱ्याहून निघालो. आधी वरठीवरून मोहाडी. चौंडेश्वरीला बाहेरूनच नमस्कार केला आणि परत फिरलो. मग पहेला, अड्याळ करीत पवनी. धान कापून झाले होते, बांध्यांमध्ये कडपा पडल्या होत्या, कुठे मळणी चालू होती. एका गावात मंडईचा मांडव अजून उतरवायचा होता. पवनीला जगन्नाथ टेकडी दुरून दिसली. तिथे १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वीही या गावाला वाटा येऊन मिळत होत्या आणि त्या वाटांवरूनही कुणीतरी पहिल्यांदा चालले असेल, असा विचार करीत मी भाकर खाल्ली. पुढे लाखांदूर.

लाखांदूरनंतर ट्रक टाळण्यासाठी माझ्या विद्यार्थ्याने आतली एक वाट निवडली होती. आठ किलोमीटर खेड्यांतून जाऊन ती पुन्हा सानगडीच्या मोठ्या रस्त्याला मिळते. तिच्या तोंडाशी आलो तेव्हा १३० किलोमीटर झाले होते आणि माझ्या उजव्या गुडघ्याने बंड पुकारले होते. मी एका झाडाखाली बसलो. तेवढ्यात धानाची पोती भरलेला एक टेम्पो थांबला. चालवणारा माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप.

“गुरुजी, एवढ्या दूर सायकल कायले आणली जी? बसा टेम्पोत.”

मी बसलो. सायकल पोत्यांवर चढली. वाटेत मी काही वेळ बाहेर बघितले. डांबर बरे होते. काही वेळ डोळे मिटले. मोठा रस्ता आल्यावर उतरलो, गुडघ्याला तेल चोळले, आणि साकोली, लाखनी करीत रात्री सातच्या सुमारास भंडाऱ्यात आलो. पुढच्या आठवड्यात नकाशा काढला. मोहाडीपासून लाखनीपर्यंत तांबड्या शाईची एकसारखी ठसठशीत रेघ. त्या आठ किलोमीटरांशेजारी बारीक अक्षरात लिहिले: ‘रस्ता ठीक.’

विद्यार्थी खूश झाला. म्हणाला, “सर, तुमची फेरीसुद्धा मान्य करून घेता येईल, विचारू का?” मी म्हणालो, “छे रे, मला या वयात कागद कशाला?” तो हे सर्वांना सांगत सुटला: आमचे सर पाहा, किती निर्मोही! वाचकहो, खोटे बोलणाऱ्याला लोक खोटारडा म्हणाले तर त्याला सावरता येते. लोक त्याला नम्र म्हणू लागले म्हणजे मात्र परतीची वाट बंद होते.

डिसेंबरात फेरी झाली. दुपारी त्या आतल्या वाटेवर, एका नाल्याच्या रपट्यावर, एक तरुण घसरला. रपट्यावरून बोटभर पाणी वाहत होते आणि खाली शेवाळ होते. त्याच्या हासळीचे हाड मोडले. मागून येणाऱ्यांनी गाडी मिळवून त्याला दवाखान्यात पोचवले. संध्याकाळी माझा विद्यार्थी उदास चेहऱ्याने म्हणाला, “सर, तुम्ही गेला होता तेव्हा पाणी नसेल.” मी म्हणालो, “नसेल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मनाशी वाद घालीत होतो. मी खोटे काय लिहिले? रस्ता ठीकच होता, टेम्पो सुरळीत गेला होता. रपट्यावर घसरायला तर कुणीही घसरते. शिवाय माझा गुडघा खरोखरच दुखत होता. दुखऱ्या पायाने गाडीत बसणे हे काय पाप आहे? यातले प्रत्येक वाक्य खरे होते, आणि तरीही सगळे मिळून एक असत्य उभे राहत होते. ते कसे, हे मला उमगेना.

ते उमगले आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या संस्कृतच्या मास्तरांकडे. मी त्यांना माझे नाव न घेता, ‘एका माणसाने’ असे म्हणून प्रकरण सांगितले. ते म्हणाले, आपल्या न्यायशास्त्रात ज्ञानाच्या साधनांमध्ये प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्दही आहे. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. पण ते सांगणे आप्ताचे हवे. आप्त म्हणजे नातलग नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य करणारा वात्स्यायन सांगतो की, ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ असो. एवढे सांगून त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “तुमच्या त्या माणसाचा गुडघा आता कसा आहे?”

तेव्हा मला माझी चूक नेमकी दिसली. टेम्पोत बसणे हा अपराध नव्हताच. ‘रस्ता ठीक’ हे वाक्यही खोटे नव्हते. खोटी होती ती ती एकसंध रेघ. ती न बोलता म्हणत होती, ‘मी इथून सायकलने गेलो आहे.’ चार रुंद चाकांना शेवाळ कळत नाही. ते कळते बोटभर रुंदीच्या चाकाला. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे आणि द्रोणाचार्यांना फसवल्यावर तो खाली टेकला, अशी महाभारतातली गोष्ट आहे. माझे उलटे झाले. मी जमिनीपासून चार हात वर बसलो, आणि माझे असत्य तिथेच सुरू झाले.

कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही कादंबरीकार. न पाहिलेल्या गोष्टी लिहिण्यातच तुमचा जन्म गेला. खरे आहे. कधी न पाहिलेल्या राजवाड्याचे वर्णन मी केले आहे आणि त्याबद्दल मला खंत वाटत नाही. कारण वाचकाला ठाऊक असते की हे रचलेले आहे. त्या राजवाड्याच्या जिन्यावर पाय ठेवायला कुणी जात नाही. नकाशा वाचणारा मात्र पाय ठेवतो. शब्द एकच असला तरी ऐकणारा त्याच्यावर काय टाकणार, नुसते मन की सारे शरीर, यावर सांगणाऱ्याची जबाबदारी ठरते.

याहून अवघड प्रश्न पुढे आला. मी मास्तर आहे. मॅट्रिकच्या पलीकडे फारसा न गेलेला मी तीस-तीस पोरांना सांगतो: शिका, डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, वाट सोपी आहे. ती वाट मी कुठे चालवली आहे? जे स्वतः केले तेवढेच सांगायचे असे ठरवले, तर खेड्यातल्या पोरांच्या वाट्याला आमच्यासारख्यांनी चाललेल्या आखूड वाटाच येतील. बाप धान लावतो, त्याने पोराला धानच लावायला सांगावे काय? तेव्हा न चाललेली वाट दाखवण्यावाचून गत्यंतर नाही. मग माझ्या नकाशात आणि माझ्या उपदेशात फरक काय?

उत्तर माझ्याच विषयात सापडले. नकाशे काढणाऱ्यांचा एक जुना रिवाज आहे. ज्या किनाऱ्याची वा नदीची पाहणी झालेली नाही, तो भाग ते कोरा ठेवीत नाहीत आणि ठसठशीत रेघेनेही दाखवीत नाहीत. तिथे तुटक रेषा ओढतात. तिचा अर्थ असा: वाट बहुधा अशी आहे; मी स्वतः गेलेलो नाही; तू जपून जा. नकाशाची किंमत तिने उणी होत नाही, उलट बाकीच्या सलग रेषांवर त्यामुळेच भरवसा ठेवता येतो. मला त्या दिवशी आठ किलोमीटर तुटक रेषा ओढायला किती शाई लागली असती? उलट वाचलीच असती. अडवले ते जुन्या विद्यार्थ्यापुढे गुडघ्याची कबुली देण्याच्या लाजेने.

मी आधी विद्यार्थ्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याच्याबरोबर नागपुरास त्या तरुणाच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला होता. त्याने सारे ऐकून घेतले. मला वाटले होते, तो म्हणेल, ‘जाऊ द्या सर.’ तो म्हणाला, “सर, नकाशात तेवढा तुकडा पाहिलेला नाही असे लिहिले असते, तर पाणी दिसल्यावर मी उतरून चाललो असतो. ठीक लिहिले होते, म्हणून उतरलो नाही.” त्याच्या आईने चहा दिला. तो घशाखाली उतरायला वेळ लागला.

२०२४ च्या जानेवारीत मी एकटाच त्या वाटेवर सायकल घेऊन गेलो. रपट्यावर एक बाई कपडे धूत होती. मी उतरलो तशी म्हणाली, “उतरले ते बरे केले जी. इथं सारेच घसरतात. वरच्या तलावाचे पाणी होळीपर्यंत वाहते.” हा तलाव म्हणजे आपल्या जिल्ह्यात जागोजाग आहेत तसल्या जुन्या मालगुजारी तलावांपैकी एक. गावातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट! नोव्हेंबरात मी सायकलवर असतो, तर हीच बाई मला हेच सांगती. टेम्पोतल्या माणसाशी कोण बोलणार?

सायकल हातात धरून मी पाणी ओलांडले. घरी येऊन नकाशा नव्याने काढला आणि रपट्याच्या जागी लिहिले: ‘पाणी, शेवाळ. उतरून चालावे.’

परवा दहावीतली एक मुलगी चित्राची वही दाखवायला आली आणि जाता जाता म्हणाली, “सर, वास्तुकलेला जायचे तर फार कठीण असते का?” पूर्वीचा मी असतो तर चटकन म्हणालो असतो, “मुळीच नाही, तुझ्यासारखीला सोपे आहे.” ओठांवर आलेही होते. मी म्हणालो, “बाळ, त्या वाटेने मी गेलेलो नाही. पण जाण्यासारखी आहे असे ऐकतो. जी गेली आहे तिला आपण दोघे मिळून विचारू.” मुलीचा चेहरा जरा पडला; तिला ‘सोपे आहे’ हेच ऐकायचे होते. तरी रविवारी ती वही घेऊन वेळेवर आली.