सक्तीची सेवा आणि कायक



राज्याने आपल्या तरुणांना, त्यांच्या मनात असो वा नसो, ठरावीक काळ सैन्यात बोलावून घ्यावे काय? आपल्या देशात हा प्रश्न आज उभा नाही; आपले सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचे आहे. परंतु युरोपात तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. लिथुआनियाने २००८ मध्ये बंद केलेली सक्तीची लष्करी सेवा २०१५ मध्ये परत आणली. स्वीडनने २०१० मध्ये थांबविलेली सक्ती २०१७ मध्ये पुन्हा लागू करण्याचे ठरविले, आणि या खेपेस मुलींनाही तीत घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, त्यानंतर जर्मनीतही हाच वाद सुरू झाला. वचनचिंतनाच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. सेवा म्हणजे काय, ती कोणाकडून मागावी, आणि मागितली असता नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न त्यात आहेत. आणि कायक-दासोह मानणाऱ्यांना ते परके नाहीत.

जर्मनीचेच उदाहरण घेऊ, कारण तेथे या प्रश्नाची सर्व अंगे दिसून येतात. हिटलरच्या राजवटीत शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. ऑस्ट्रियातील फ्रांझ येगरश्टेटर हा एक साधा शेतकरी, घरी पत्नी आणि लहान मुली. हे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात मी लढणार नाही, हवे तर जखमींची शुश्रूषा करीन, असे त्याने सांगितले. कोणी ऐकले नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याआधी तो आपल्या बिशपकडे सल्ला मागण्यास गेला होता. सरकारच्या करणीचा हिशेब प्रजेने करू नये, तू घरच्यांचा विचार कर, अशा अर्थाचा उपदेश त्याला तेथे मिळाला. पुढे २००७ मध्ये त्याच चर्चने त्याला धन्य म्हणून गौरविले. धर्मपीठांना शहाणपण कधी कधी चौसष्ट वर्षांनी येते!

अशा अनेक बळींची आठवण ताजी असताना, १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची घटना झाली. कोणासही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध सशस्त्र युद्धसेवा करावयास लावता येणार नाही, असे तिच्या चौथ्या कलमात घातले गेले. गंमत अशी, की तेव्हा त्या देशाजवळ सैन्यच नव्हते. सैन्य मागाहून उभे राहिले, १९५६ मध्ये सक्तीचा कायदा झाला. नकाराचा अधिकार मात्र त्याआधीच लिहून ठेवलेला होता. नकार देणाऱ्यांसाठी १९६१ पासून पर्यायी सेवा सुरू झाली: रुग्णालयात, वृद्धाश्रमात, अपंगांच्या घरी. पन्नास वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक तरुणांनी ती केली.

पण विवेक खरा की सोयीचा, हे ओळखावे कसे? त्यासाठी मंडळे नेमली गेली. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला समोर बसवून विचारीत, तुझ्या डोळ्यांदेखत तुझ्या माणसावर कोणी हल्ला केला तर तू काय करशील? ज्याला बोलता येई तो सुटे, ज्याची जीभ अडखळे तो बराकीत जाई. १९७७ मध्ये नुसते लेखी निवेदन पुरेसे ठरविणारा कायदा झाला, तो १९७८ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने रद्द केला. १९८४ पासून मात्र बहुतेकांची तोंडी परीक्षा सुटली. अंतःकरण हे आतल्या गाभाऱ्याचे ठिकाण. तेथे सरकारी मोजपट्टी नेली, की हाती वक्तृत्व तेवढे लागते.

आता सक्तीच्या बाजूने जे बोलतात त्यांचेही नीट ऐकले पाहिजे. त्यांचे सर्वांत बळकट म्हणणे शौर्याचे नाही, समतेचे आहे. रक्षण सर्वांचे व्हायचे, तर त्याचा भार एकाच थरातील घरांनी का वाहावा? हे आपल्याला कळायला जर्मनीला जावे लागत नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सीमाभागातील कित्येक गावांत आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या सैन्यात गेलेली घरे आहेत. आणि शहरात व्यासपीठावरून शत्रूला धडा शिकविण्याची भाषा करणाऱ्यांच्या घरातून एकही मुलगा तिकडे गेलेला नसतो. युद्ध पुकारणाऱ्याच्या घरीही तार येण्याची शक्यता असली, तर युद्ध पुकारताना तो दोनदा विचार करील, हा युक्तिवाद मला खोडता येत नाही.

आणि शरणपरंपरा शस्त्रापासून पळणारी होती, असेही नाही. कल्याणातील उलथापालथीनंतर शरण उळवीच्या वाटेला लागले, तेव्हा पाठलाग करणाऱ्या सैन्याला मडिवाळ माचय्यांनी अडविले, असे परंपरा सांगते. ते परीट. त्यांना कोणी बोलावणे धाडले नव्हते. कायक हे असे असते, करणाऱ्याने आपले म्हणून उचललेले. कायदा माणसाचा देह दारात आणून उभा करील, हात चालवून घेईल. ते काम कायक होईल की वेठ, हे त्याच्या हाती नाही. म्हणून सक्तीने तरुणांना शिस्त लागते, चारित्र्य घडते, हे जे सांगितले जाते ते मला मुळीच पटत नाही. चारित्र्य घडविण्यासाठी सैन्य नसते. रक्षणासाठी असते, आणि तेवढ्यासाठीच ते मागावे.

येथे आयदक्की मारय्यांची गोष्ट आठवते. अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त वेचून आणले, तेव्हा लक्कम्मांनी वरचे तांदूळ परत नेऊन टाकावयास लावले. राज्यालाही हेच माप लावावे. शीतयुद्ध संपल्यावर जर्मन सैन्याला तितक्या तरुणांची गरज उरली नव्हती. सेवेची मुदत घटत घटत सहा महिन्यांवर आली. तरी सक्ती चालूच राहिली, त्याचे एक कारण हे, की ती थांबली तर रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना पर्यायी सेवेतले स्वस्त मनुष्यबळ कोठून मिळणार, अशी चिंता होती. रक्षणाच्या नावाने घेतलेले तांदूळ दुसऱ्याच चुलीवर शिजत होते. १ जुलै २०११ पासून सक्ती स्थगित झाली. त्याच वेळी स्त्री-पुरुष, तरुण-निवृत्त सर्वांना खुली अशी ऐच्छिक सेवा सुरू करण्यात आली, आणि तिला हजारो माणसे मिळाली.

डिसेंबर २०२५ मध्ये जर्मन संसदेने नवा कायदा केला. त्यानुसार २००८ मध्ये व त्यानंतर जन्मलेल्या मुलांना, अठरा वर्षे झाली की सैन्यसेवेविषयीची प्रश्नावली भरून द्यावीच लागते. मुलींना ते ऐच्छिक आहे. सेवा तूर्त स्वेच्छेचीच ठेवली आहे. माणसे कमी पडली तर सक्तीसाठी संसदेने पुन्हा वेगळा निर्णय करावयाचा आहे. मंजुरीच्या दिवशीच अनेक शहरांतील विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर आले होते. मला विचाराल तर हा क्रम योग्य वाटतो. आधी विचारावे, नीट मोबदला द्यावा, वाट पाहावी. संकट खरोखर दाराशी आले आणि स्वेच्छेने येणारे पुरेनासे झाले, तरच सक्ती आणावी. आणि तेव्हाही शस्त्राला नाही म्हणणाऱ्यास, त्याची जीभ कितीही अडखळो, दुसऱ्या सेवेचे दार उघडे असावे.

एक गोष्ट राहिली. जर्मनीच्या सक्तीच्या कायद्यात दीक्षा घेतलेल्या धर्मोपदेशकांना सरसकट सूट आहे. इतर धर्मांच्या उपदेशकांनाही ती लागू होते. म्हणजे माझ्यासारख्याला तेथे कोणी बोलावले नसते. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमात राज्याला सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लादता येते, परंतु ती लादताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, असे म्हटले आहे. ते मला अधिक बरे वाटते. भक्ताच्या मुलाने थंडीत चौकीवर उभे राहायचे आणि मठातील बटूने प्रसादाला बसायचे, हे दासोहाच्या कोणत्या हिशेबात बसते? बटूला शस्त्र नको असेल तर नको. रुग्णालयात रुग्णाची अंथरुणे बदलावयाला, त्यांचे मलमूत्र काढावयाला हात कमीच पडतात. असा दिवस आपल्याकडे कधी आला, आणि मठाच्या मुलांना सूट द्या अशा अर्जावर कोणी माझी सही मागू लागला, तर ती त्याला मिळणार नाही.