आपला आपला पुठ्ठा

वसईला मित्राच्या मुलीचं लग्न होतं. लग्नघरात माझ्यासारख्या निरुपयोगी पाहुण्याला एखादं जबाबदारीचं काम देऊन एका जागी बसवून ठेवायची पद्धत आहे. मला केकची राखण मिळाली.

केक अजून उभा राहायचा होता. थोरला, मधला, धाकटा असे तिघे शेजारीशेजारी बसले होते. मित्राची पुतणी त्यांना एकावर एक चढवणार होती.

"ठेवायचे एकावर एक. त्यात काय?" मी म्हणालो. चौतीस वर्षं फायली एकावर एक ठेवल्याचा अनुभव पाठीशी होता.

"काका, नुसते ठेवले तर थोड्या वेळानं वरचा खालच्याच्या पोटात जाईल."

तिनं एक लाकडी काडी थोरल्या केकमध्ये तळापर्यंत खुपसली, उंचीची खूण केली, बाहेर काढली आणि त्या मापाच्या पाच काड्या कापल्या. त्या गोलाकार रोवल्या आणि त्यांच्यावर मधला केक त्याच्या पुठ्ठ्यासकट ठेवला.

"वरचा केक खालच्यावर बसतच नाही, काका. तो आपल्या पुठ्ठ्यावर, पुठ्ठा काड्यांवर, काड्या तळाच्या फळीवर. फक्त सगळ्या काड्या सारख्या हव्यात. एक जरी उंच राहिली तरी सगळं कलतं."

घरात काड्या घालू नयेत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. इथं काड्या घातल्याशिवाय घर उभंच राहत नव्हतं!

मी एकदम गंभीर झालो. कारण गेले तीन महिने आमच्या घरी एकच विषय होता. मुलगा म्हणत होता, "बाबा, दोन खोल्या विकून टाका आणि आमच्याकडे या." बोलावणं मनापासूनचं होतं. प्रश्न एवढाच, की म्हाताऱ्या माणसांनी मुलाच्या संसारावर बसावं का?

इंग्लंडच्या राजघराण्यानं यावर एक तोड काढली होती. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न १८५८ साली झालं. त्या केकचा खालचा मजला तेवढा खरा आणि वरचे नुसत्या साखरेचे होते म्हणे. वडीलधाऱ्यांना असंच शोभेपुरतं वर ठेवायची सोय आपल्याकडेही आहे. नमस्काराला गोड, बाकी उपयोग नाही. मला ते नको होतं. साखरेचं मला डॉक्टरांनीही बंद केलंय.

संध्याकाळी नवरानवरीनं सुरी लावली, टाळ्या झाल्या आणि केक आत गेला. राखणदार म्हणून मीही मागोमाग गेलो. पुतणीनं वरचे मजले उतरवले, काड्या एकेक करून मोजून काढल्या. थोरल्या केकमध्ये पाच भोकं दिसत होती. त्याच्यावर भार नव्हता, पण भोकं होतीच. मुलाच्या घरी आपण कितीही हलके होऊन राहिलो, तरी त्याच्या संसारात चार-पाच भोकं पडणारच. आमच्यातही त्यानं पाडली होती. वरून आयसिंग असल्यामुळे कुणाला दिसली नाहीत, इतकंच. भोकं पडतात म्हणून आधार घ्यायचाच नाही, असं नाही. मात्र वर जाणाऱ्यानं आपला पुठ्ठा बरोबर न्यावा.

परतताना गाडीत मी हे सगळं तत्त्वज्ञान बायकोला ऐकवलं. "मुलाकडे जाऊ, पण खोल्या विकायच्या नाहीत. तो आपला पुठ्ठा!"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे मी तीन महिने सांगतेय. मला त्यासाठी केक लागला नाही."