भीती लपवू नये

सज्जनहो, गेल्या महिन्यात कोल्हापुरास कीर्तन होते. कीर्तन आटोपल्यावर एक विशीतला मुलगा नमस्काराला आला आणि बाजूला घुटमळत उभा राहिला. म्हणाला, "महाराज, मी तालमीकडून फुटबॉल खेळतो. सामन्याच्या दिवशी पोटात गोळा येतो, उलटी होते. मी भित्रा आहे का हो?" त्यास जे सांगितले तेच आज लिहितो.

जर्मनीत पेर मेर्टेसाकर नावाचा नामांकित खेळाडू होता. साडेसहा फूट उंच, बचावफळीतला भक्कम गडी. खेळ हाच त्याचा व्यवसाय. देशाकडून 104 सामने खेळला. 2014 साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. निवृत्ती जवळ आली तेव्हा, 2018 साली, त्याने एका जर्मन साप्ताहिकास आपली व्यथा सांगितली. सामना सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याला कोरड्या ओकाऱ्या येत, डोळ्यांत पाणी उभे राही. कोणास दिसू नये म्हणून तो मान वळवी. पाचशेहून अधिक सामने, आणि बरोबर हे दुखणे!

2006 साली विश्वचषक त्याच्याच देशात भरला. हा एकवीस वर्षांचा. उपांत्य सामन्यात इटलीने जादा वेळेच्या अगदी अखेरीस दोन गोल करून जर्मनीस हरविले. सारा देश हळहळला. यालाही दुःख झाले; पण त्याहून मोठे वाटले ते सुटल्याचे समाधान. सांगा पाहू, ज्याला हरल्यावर हायसे वाटते, त्याने जिंकताना केवढे ओझे वाहिले असेल?

अहो, ही लक्षणे आपण ऐकलेली आहेत. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, गांडीव हातून निसटू लागले. कारण निराळे, बरे का! त्यास पराभवाचे भय नव्हते, स्वजनांचा मोह होता. पण देहाची भाषा तीच. आणि त्याने केले काय? लपविले नाही. सारथ्यापाशी सगळे बोलून दाखविले. तो मुकाट बसता तर पुढचे सतरा अध्याय कोठून येते?

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. संकट समोर दिसले की शरीर झुंजीची तयारी करते. हृदय जलद धावते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, पचन मंदावते, म्हणून मळमळते. समोर वाघ आहे की प्रेक्षक, हा भेद देहास कळत नाही. यात भित्रेपणा कोठला? चाळीस वर्षे कीर्तनास उभा राहतो, तरी मंगलाचरणापूर्वी माझेही हात गार पडतात.

घात करते ते लपविणे. हॅनोव्हरच्या संघात मेर्टेसाकरचा सोबती होता गोलरक्षक रॉबर्ट एन्के. त्यास नैराश्याचा आजार होता. लोकांस कळले तर काय होईल, या धास्तीने तो झाकून ठेविला. 10 नोव्हेंबर 2009 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपविले. नैराश्य हे सामन्याआधीच्या भीतीहून फार निराळे आणि गंभीर दुखणे. तथापि झाकण्याचे ओझे दोन्हीकडे तेच.

आता मेर्टेसाकरचे पाहा. 2017 साली इंग्लंडच्या एफ. ए. चषकाचा अंतिम सामना होता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या मोसमात तो एकही सामना पहिल्यापासून खेळला नव्हता. तरी त्या दिवशी उतरला, उत्तम खेळला, आणि आर्सेनलने चेल्सीवर 2-1 असा जय मिळविला. भीती गेली नव्हती. भीतीसकट पाय चालत होते. पुढे त्याने मन उघडे केले तेव्हा काहींनी नावे ठेविली. पण त्याच क्लबाने 2018 साली आपली मुलांची प्रबोधिनी त्याच्या हाती दिली. ज्याने भय भोगले तो पोरांच्या चेहऱ्यावरचे भय आधी ओळखील, असे मला वाटते.

मी मुलास म्हटले, "बाळा, प्रशिक्षकांना सांग. अन्न टिकत नसेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. मैदानात श्वास सावकाश सोड आणि पुढच्या चेंडूवर नजर ठेव. निकाल तुझ्या हाती नाही, तो चेंडू आहे."

"पण सांगितले तर संघातून काढतील, महाराज."

खोटे कसे सांगू? म्हटले, "एखादा सामना बसवितीलही. पण बसलेला गडी पुन्हा उठतो. आतल्या आत कुढणाऱ्याला मात्र कोणी हात देऊ शकत नाही, कारण तो बुडतो आहे हेच कोणास ठाऊक नसते."

आईबापांनो, तुम्हासही एक विनंती. पोरगा खेळून, परीक्षा देऊन घरी आला की "किती गोल? किती गुण?" हे मागाहून विचारा. आधी विचारा, "जेवलास का रे?"

रामकृष्णहरि.