धुक्याचा कणा

लंडनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकात १९९३ साली एका समीक्षकाने लिहिले, की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेले बरे. अल्बम होता ‘स्लोडाइव्ह’ या इंग्लिश बँडचा ‘सुव्लाकी’. पुढे २००० साली ते साप्ताहिकच बंद पडले. अल्बम मात्र आजही ऐकला जातो, आणि ऐकणाऱ्यांतले पुष्कळ जण ते परीक्षण छापून आले तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने २०१६ मध्ये शूगेझ या रॉकप्रकारातल्या सर्वोत्तम ५० अल्बमची यादी केली, तेव्हा ‘सुव्लाकी’ दुसरा आला. त्याच्या वर होता फक्त ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा ‘लव्हलेस’.

ही हकीकत सहसा उशिरा मिळालेल्या न्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. समीक्षकांना कळले नाही, अल्बम काळाच्या पुढे होता, शेवटी गुणाचे चीज झाले. मला ही मांडणी फार सोपी वाटते. १९९३ पर्यंत इंग्लंडमध्ये या प्रकारच्या संगीताची लाट ओसरली होती. काळाच्या पुढे असणे तर दूरच, ‘सुव्लाकी’ आला तेव्हाच शिळा ठरवला गेला होता. आणि काळ न्याय करतो म्हणावे, तर त्याच रेडिंग गावातल्या, जवळपास तशाच वळणाच्या ‘चॅप्टरहाउस’ला तो तितका का पावला नाही? ‘मूझ’चे नाव आज किती जणांना आठवते? त्या लाटेतले बहुतेक बँड विस्मरणात गेले आणि या एका अल्बमवर माणसे तीस वर्षे जीव लावून बसली. त्याचे कारण अल्बमच्या आतच शोधायला हवे.

मला ते असे दिसते. या अल्बममध्ये दाट धुके आहे, आणि त्या धुक्याला कणा आहे. नुसते धुके असते तर कान लवकरच कंटाळला असता. नुसती गाणी असती तर ती पाठ होऊन संपली असती.

आधी धुके. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या दक्षिणेकडची काही तरुण मुले गिटार वेगळ्या रीतीने वाजवू लागली होती. ‘कॉक्टो ट्विन्स’ आणि ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ यांनी वाट दाखवली होती. ऑक्सफर्डहून ‘राइड’ आले, लंडनमधून ‘लश’, रेडिंगहून १९८९ मध्ये ‘स्लोडाइव्ह’. या मंडळींच्या पायाशी इफेक्ट पेडलांची रांग असे आणि वाजवताना नजर तिच्यावर खिळलेली असे. ‘शूगेझ’ हे नाव पत्रकारांनी त्यावरूनच, हिणवण्यासाठी, दिले. रिव्हर्बने स्वर मोठ्या दालनात घुमल्यासारखा लांबतो, डिलेने तो अंतराअंतराने परत येतो, डिस्टॉर्शनने फाटेपर्यंत ताणला जातो. एखादे वाद्य कोणते हे आपला कान मोठ्या प्रमाणावर स्वराच्या आरंभावरून ओळखतो: तारेवर नखी पडल्याचा तो क्षणभराचा आघात. ‘स्लोडाइव्ह’चे नील हॉल्स्टेड आणि ख्रिश्चन सॅव्हिल यामाहाच्या ‘एफएक्स ५००’ या छोट्या यंत्रातून गिटार अशी काही काढत, की तो आघात विरून जाई. उरे ती स्वराची फक्त पसरण. गिटार वाजते आहे हे बुद्धीला ठाऊक असते. कानाला मात्र ते वाद्यवृंद, वारा, माणसांचा समूहस्वर यांपैकी काहीही वाटू शकते. त्यात हॉल्स्टेड आणि बँडची गायिका रेचेल गॉझवेल यांचे आवाज, तेही मिश्रणात मागे ठेवलेले, एकमेकांत मिसळलेले. कोण गातो आहे हे पुष्कळदा कळत नाही. काय गातो आहे हे तर त्याहून कमी.

ख्याल ऐकत वाढलेल्या मराठी कानाला यात फारसे अपरिचित काही वाटू नये. बंदिशीचे शब्द विलंबितात लांबतात, आलापात विरघळतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. दोन्ही संगीतांत बाकी साम्य नाही आणि ओढूनताणून ते दाखवायचेही नाही. पण शब्द कळला नाही म्हणजे आशयच नाही, हा त्या वेळच्या इंग्रजी संगीत पत्रकारितेचा समज आपल्याकडच्या मैफलीत बसणाऱ्याने मान्य करण्याचे कारण नाही.

आक्षेप मात्र आशयापुरते नव्हते. ही सुखवस्तू उपनगरांतली मुले, यांना कशाचा राग नाही, राजकारण नाही, ही आपलीच आपण आरती ओवाळतात, असेही म्हटले गेले. ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’च्या रिची एडवर्ड्सने तर आपण ‘स्लोडाइव्ह’चा हिटलरपेक्षा जास्त तिरस्कार करतो असे म्हणून ठेवले. खाणी बंद पडलेल्या दक्षिण वेल्समधून आलेल्या माणसाची ती चीड होती, आणि तिला काही आधार नव्हता असे मी म्हणणार नाही. ‘जस्ट फॉर अ डे’ हा बँडचा १९९१ चा पहिला अल्बम मी आवडीने ऐकतो, पण त्यात धुकेच फार आहे. गाणी एकमेकांत मिसळतात आणि संपल्यावर आठवावे असे हाती थोडेच राहते. ‘पोकळ’ ही शिवी त्या अल्बमला पुरती नाही तरी अर्धी लागू पडते.

‘सुव्लाकी’त कणा आला कुठून? एक तर नकारातून. पहिल्या अल्बमनंतर बँडने चाळीसएक गाणी रचून ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे, ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’चे, ॲलन मॅगी यांनी ती ऐकून सरसकट टाकाऊ ठरवली. हॉल्स्टेडने ती बाजूला सारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. निर्माता म्हणून ब्रायन ईनोने यावे असे पत्र त्याला गेले. ईनोने निर्मितीची जबाबदारी घेतली नाही, पण काही दिवस येऊन काम करायला तो तयार झाला. ‘सिंग’ आणि ‘हिअर शी कम्स’ या दोन गाण्यांत त्याचा हात आहे. ज्या माणसाने सभोवतालच्या अवकाशाला संगीत मानायला एका पिढीला शिकवले, त्याच्याकडून काय उचलले गेले असेल? माझ्या कानाला तरी, मोकळी जागा. ‘सिंग’मध्ये वाद्ये कमी आहेत आणि मधली शांतता जास्त बोलते.

दुसरे कारण खासगी आहे, पण स्वतः कलावंतांनीच त्याबद्दल मोकळेपणाने सांगितले आहे. हॉल्स्टेड आणि गॉझवेल शाळकरी वयापासूनचे सोबती, पुढे प्रेमिक. ते नाते याच सुमारास तुटले. हॉल्स्टेड वेल्समधल्या एका घरात काही काळ एकटा जाऊन राहिला आणि तिथून गाणी घेऊन परतला. मग ज्या व्यक्तीपासून दुरावला तिच्याच शेजारी उभे राहून ती गाणी त्याने गायली. दोघेही तेव्हा बाविशीच्या आसपास. वियोगाची गाणी दुनियेत काय कमी आहेत? इथे वेगळे असे, की सोडून गेलेल्याचा आणि मागे राहिलेल्याचा आवाज एकाच ओळीत, एकाच धूसरपणात मिसळलेला आहे. दोष कोणाचा हे गाणे सांगत नाही. ऐकणाऱ्याला कोणाचीही बाजू घेता येते, किंवा घ्यावीच लागत नाही.

आता धुके थोडे बाजूला सारून पाहा. ‘ॲलिसन’ एका गिटारवर गुणगुणून बघावे; ते साधे, नीट बांधलेले, जुन्या चालीचे पॉप गाणे निघते. ‘व्हेन द सन हिट्स’ची रचनाही पारंपरिक आहे: दबक्या आवाजातले कडवे, मग अंगावर येणारी गिटारची भिंत, पुन्हा दबके कडवे. पण ती भिंत कोसळते तेव्हा ती राग म्हणून येत नाही. त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या ग्रंज बँडांत मोठा आवाज म्हणजे किंचाळी. इथे आवाज वाढतो आणि माणूस अधिकच आत जातो. मोठ्या आवाजाने हळुवारपणा व्यक्त करता येतो, हा या अल्बमचा मला सर्वांत मोठा शोध वाटतो. म्हणून तो हळू आवाजात ऐकणाऱ्यांशी माझे भांडण आहे; त्याबद्दल पुढे.

आणि शेवटचे ‘डॅगर’. इंग्लंडमधल्या मूळ आवृत्तीत दहावे, अखेरचे गाणे. इथे साध्या गिटारच्या साथीने गळा जवळजवळ उघडा ठेवला आहे. आडोशाला उभे राहायला काही नाही. लपवण्यासारखे काहीच नसते म्हणून ही मुले धूर करतात, असे म्हणणाऱ्याला याहून सरळ उत्तर देता येत नाही. आधीची नऊ गाणी धूसर होती ती कलावंतांनी तशी ठेवली म्हणून, हे दहावे गाणे ऐकल्यावर कळते.

मग १९९३ मध्ये हे का ऐकू आले नाही? कारण साप्ताहिकांना दर आठवड्याला नवे काही हवे असते. त्या वर्षी मार्चमध्ये ‘स्वेड’चा पहिला अल्बम आला, एप्रिलच्या ‘सिलेक्ट’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा गायक ब्रिटिश झेंड्यापुढे उभा होता. ‘सुव्लाकी’ प्रसिद्ध झाला त्याच सुमारास, ३१ मे रोजी, मॅगीने ग्लासगोच्या ‘किंग टट्स’मध्ये ‘ओएसिस’ नावाचा अनोळखी बँड ऐकला. पुढची काही वर्षे छाती काढून गाणाऱ्यांची होती. लाजऱ्या माणसांना त्यात जागा नव्हती. ‘सुव्लाकी’ अल्बमांच्या ब्रिटिश विक्रीयादीत ५१व्या क्रमांकापलीकडे चढला नाही. अमेरिकेतल्या कंपनीने दौऱ्याचा पैसा मध्येच काढून घेतला. १९९५ च्या फेब्रुवारीत तिसरा, अधिकच विरक्त अल्बम ‘पिग्मॅलियन’ आला आणि लगेचच ‘क्रिएशन’ने बँडला निरोप दिला. हॉल्स्टेड आणि गॉझवेल ‘मोहावी ३’ या नावाने साधी, लोकसंगीताच्या वळणाची गाणी करू लागले.

यानंतरची जवळजवळ वीस वर्षे मला या कथेत सर्वांत मोलाची वाटतात. या काळात बँड नव्हता, जाहिरात नव्हती, मैफली नव्हत्या. प्रेम वाढत राहिले ते एकाकडून दुसऱ्याकडे. कुणीतरी कुणाला कॅसेट भरून दिली, कुणी सीडी उसनी दिली, पुढे फायली पाठवल्या. २००२ मध्ये बर्लिनच्या ‘मोर म्युझिक’ने इलेक्ट्रॉनिक संगीतकारांकडून ‘स्लोडाइव्ह’ची गाणी नव्याने करून घेऊन एक संग्रह काढला. गिटार सोडून संगणकावर काम करणाऱ्यांना या बँडमध्ये आपला पूर्वज दिसावा, हे त्या धुक्यात केवढे बळ होते याचे प्रमाण आहे. अशा प्रेमाला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. ज्याला अल्बम मिळाला त्याला तो आपल्यालाच मिळाला असे वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते: शब्द अर्धेच ऐकू येतात तिथे उरलेला अर्धा ऐकणारा स्वतःचा घालतो. बाविशीत ज्याच्यासाठी हे गाणे एका व्यक्तीविषयी होते, त्याच्यासाठी चाळिशीत तेच गाणे सोडून आलेल्या गावाविषयी होऊ शकते. गाण्याला त्याची हरकत नसते.

हे गतकातरतेचे काम आहे, असे काही जण म्हणतात. पण २००५ साली जन्मलेल्या मुलीला १९९३ ची कसली हुरहुर? अलीकडे टिकटॉकमुळे शूगेझला नवे श्रोते मिळाले, हे खरेच आहे. काही सेकंदांची चित्रफीत दारापर्यंत आणून सोडते. चाळीस मिनिटे आत बसवून ठेवणे तिच्या आवाक्यातले नाही. ते काम दहा गाण्यांनाच करावे लागते.

मला खरी काळजी वेगळी आहे. आता हा अल्बम झोप येण्यासाठी, अभ्यासासाठी, पावसाच्या आवाजासोबत लावण्याच्या याद्यांमध्ये सापडतो. उदासपणाचा सौम्य मुलामा म्हणून तो वापरला जातो. ‘सुव्लाकी स्पेस स्टेशन’मधला बेस भिंतींना जाणवेल इतका मोठा हवा, डब संगीताकडून घेतलेले ते खोल, डुलणारे वजन कानातल्या छोट्या यंत्रांत अर्धे मरते. प्रेम करणाऱ्यांनीच अल्बमला पार्श्वभूमीत ढकलावे, हे लापशीच्या शेऱ्याहून मला जास्त लागते. निदान त्या समीक्षकाने तो ऐकून झिडकारला होता.

२०१४ मध्ये बार्सिलोनाच्या ‘प्रिमावेरा’ महोत्सवासाठी बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा वाटले होते की जुनी गाणी वाजवून मंडळी घरी जातील. तसे झाले नाही. २०१७ मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आला. २०२३ चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ गॉझवेलच्या आई आणि ड्रमवादक सायमन स्कॉटच्या वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. तो ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. तीस वर्षांपूर्वी दुरावलेल्या प्रेमासाठी घडवलेला आवाज आईवडिलांच्या मृत्यूलाही पुरतो, हे त्यातून कळले.

आता सगळेच या बँडची स्तुती करतात, आणि तीही तेव्हाच्या निंदेइतकीच घाईने लिहिलेली असते. ‘सुव्लाकी’चे दहाही तुकडे सारखे नाहीत. ‘मेलन यलो’ मला दर वेळी मागे पडलेले वाटते. त्यात पहिल्या अल्बमचे जुने दुखणे, चालीविना धुके, परत येते. ‘ऑल्टुगेदर’ माझ्या कितीतरी वर्षे ध्यानातच आले नव्हते आणि आता ते मला ‘ॲलिसन’पेक्षा प्रिय आहे. याच्या नेमके उलटे मत असणारे श्रोते पुष्कळ असतील, आणि त्यांनी ते कारणांसह मांडावे. ज्या अल्बमने एवढी थट्टा पचवली, त्याला आता कठोर वाचकासारखा ऐकणारा मिळायला हरकत नाही.