पासबुक आणि पाच तारे

मुंबईतल्या चारकोपमध्ये अजूनही अशा सोसायट्या आहेत, जिथे मधे मोकळा चौक असतो आणि त्याच्या भोवती 35 घरं. 1985 पासून जागतिक बँकेच्या मदतीने इथे जी वसाहत उभी राहिली, तिच्यात लोकांना तयार घरं मिळाली नव्हती. आखलेले छोटे भूखंड, पाणी, गटार आणि रस्ते एवढं मिळालं. घर ज्याचं त्यानं बांधायचं होतं. म्हणून भिंतीला भिंत लागलेली दोन घरंसुद्धा इथे सारखी दिसत नाहीत.

अशा एका सोसायटीत एक मुलगी राहत होती. चौकातल्या पोरांची ती संध्याकाळी शिकवणी घेई, म्हणून लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. बी.कॉम. झाली होती. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात हिशेबाचं काम मिळावं, एवढीच तिची इच्छा. त्यासाठी तिने फोनवर तीन ऑनलाइन कोर्स पुरे केले होते आणि तिन्ही दाखले लॅमिनेट करून ठेवले होते. दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडून निरोप आला नाही. मग एके दिवशी चौथ्या कोर्सवाल्यांचा फोन आला. फी 42,000 रुपये, हप्त्याने भरली तरी चालेल, सवलत मात्र रविवारी रात्री बारापर्यंतच.

वडिलांनी तिला खजिनदार काकांकडे पाठवलं. काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे हिशेब सांभाळणारे.

"चौथ्याचं मग बघू," काका म्हणाले. "आधीच्या तिघांनी तुला काय दिलं, ते आधी बघू या. त्यांना तू किती तारे दिलेस?"

"तिघांनाही पाच."

"कधी दिलेस?"

"शेवटचा व्हिडिओ संपल्यावर लगेच. स्क्रीनवरच विचारतात ना, काका."

काकांनी कपाटातून सोसायटीचं कॅशबुक काढलं, बँकेचं पासबुक काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली. कॅशबुकात शिल्लक 48,350 रुपये, पासबुकात 51,500. "महिना एकच, खातं एकच. हा फरक कुठून आला ते लिहून दे. फोन बंद."

ताईला बँक जुळवणीची व्याख्या पाठ होती. ती तिने शब्दन् शब्द म्हणूनही दाखवली. पण वहीतल्या ओळीवर बोट ठेवायची वेळ आली तेव्हा हात चालेना. काकांनी मदत केली नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी एकेक नोंद दाखवली: प्लंबरला दिलेला 4,200 चा चेक त्याने अजून बँकेत टाकलाच नव्हता, एका सभासदाचा भरलेला 900 चा चेक वटला नव्हता, आणि बँकेने कापलेले 150 रुपये कॅशबुकात चढवायचे राहिले होते. पहिली रक्कम मिळवा, दुसऱ्या दोन वजा करा, पासबुकाचा आकडा येतो.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सगळे धडे बघितले होते हो काका. एकही सोडला नाही."

"बघितलेस, ते खरंच आहे," काका म्हणाले. "तू आळशी नाहीस. पण आपल्याला इथे काय मिळालं होतं? भूखंड आणि नळ. तेवढ्यावर कुणी गृहप्रवेश केला नाही. कोर्सवाल्याने तुझ्याकडून एक तरी वीट रचून घेतली का, हे तुला विचारायचं होतं."

काकांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. अभ्यासकांनी तेच मोजून पाहिलं आहे. 2019 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातला भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उत्तम वक्त्याचं व्याख्यान ऐकलं, काहींनी तोच भाग स्वतः गणितं सोडवत, अडखळत शिकला. अडखळणाऱ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. परीक्षेत मात्र तेच पुढे निघाले. त्याआधी, 2008 मध्ये, कार्पिक आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले शब्द शिकायला दिले होते. शब्द पुन्हा पुन्हा नुसते वाचणाऱ्यांपेक्षा, ते पुन्हा पुन्हा आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने दुपटीहून जास्त शब्द राहिले. धडा संपताक्षणी दिलेले तारे धडा किती आवडला एवढंच सांगतात. ज्यांचे घरचे पैसे हप्त्यांत अडकणार आहेत त्यांनी तरी त्या आकड्यावर विसंबू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा एक आकडाही असाच फसवतो. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सना 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. पण त्यावरून ते कोर्स वाईट ठरत नाहीत. कित्येक जण नुसते डोकवायला आलेले असतात. आणि ताईने तर तिन्ही कोर्स शंभर टक्के पुरे केले होते.

काकांनी मग परीक्षा उलटी फिरवली. परीक्षा आता कोर्सची. परीक्षक काकू. काकूंना हिशेबातलं काही येत नव्हतं, आणि काकांच्या मते नेमकं तेच हवं होतं. अट अशी: ताईने पहिला धडा बघायचा, फोन बंद करायचा, शिकलेलं काकूंना समजावायचं, आणि दोन दिवसांनी तेच काम पुन्हा नव्याने करून दाखवायचं.

चौथ्या कोर्सचा पहिला धडा फुकट बघायला होता. शिकवणारा तरुण फार छान बोलत होता, मागे संगीत, मधे मधे विनोद. काकू खूश झाल्या. "मग काय शिकवलं गं त्यानं?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "हिशेब चोख ठेवणं महत्त्वाचं असतं." काकू वाट बघत राहिल्या. पुढे काही नव्हतंच.

मग ताईने आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचा, कॅल्क या स्प्रेडशीटच्या सॉफ्टवेअरवरचा मराठी धडा लावला. धडा दहाएक मिनिटांचा, आवाज सरळ, संगीत नाही. या धड्यांची रीतच अशी की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात स्वतः तेच करत जायचं. थांबवा, करा, पुढे चला. काकूंना कंटाळा आला. ताईचा एक सूत्र लिहिताना चार वेळा गोंधळ झाला. पण धडा संपला तेव्हा तिच्यासमोर तिने स्वतः केलेली बेरजेची शीट होती, आणि दोन दिवसांनी कोरी शीट उघडून तिने ती पुन्हा केली. या प्रकल्पात धड्याची संहिता आधी विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात, त्याला जमलं तरच ती पुढे जाते. काकूंचं काम तिथे कामाच्या रीतीतच बसवलेलं आहे. अर्थात कॅल्क शिकलं म्हणजे हिशेबशास्त्र आलं असं नाही. ते ताईला वेगळं शिकावं लागणार होतं, हे काकांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

शनिवारी ताईने चौथ्या कोर्सवाल्यांना स्वतः फोन केला. प्रश्न तिने कागदावर लिहून घेतले होते. मी केलेलं काम कोण तपासणार? चूक झाली तर किती दिवसांत कळणार? कुणाची तरी तपासलेली वही बघायला मिळेल का, नाव झाकून चालेल. शेवटची परीक्षा कुणाच्या देखरेखीखाली होते? पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सवलतीची मुदत पुन्हा सांगितली. दाखल्यावर कुणाची सही असते तेही सांगितलं. ताईने तिसऱ्यांदा विचारलं, "पण वही कोण तपासणार?" त्यावर वरिष्ठांशी बोलून कळवू असं उत्तर आलं. रविवारची रात्र गेली. फोन आला नाही.

तिने मग एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचा हिशेबाचा एक कोर्स निवडला. शिकायला फुकट, दाखला हवा तर परीक्षेची फी. तिला पटली ती त्याची गुणांची विभागणी: दर आठवड्याच्या स्वाध्यायांना 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायच्या परीक्षेला 75. स्वाध्याय मित्राकडून उतरवून काढता येतो, हे काकांना माहीत होतं. म्हणून तिची तिथली शिकवणी आणि सोसायटीची वही बरोबरच चालू झाली. दर महिन्याची बँक जुळवणी ती करायची, काका लाल पेनने खूण करायचे, चूक काय ते सांगायचे नाहीत. ती तिनेच शोधायची.

थकबाकीच्या व्याजात तिला एक खरी चूक सापडली. एका सभासदाच्या बिलात मागच्या व्याजावर पुन्हा व्याज चढत गेलं होतं, आणि सोसायटीच्या उपविधीत सरळ व्याज लिहिलेलं होतं. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत त्या गृहस्थांनी आवाज चढवला तेव्हा काका उठायला लागले, पण ताई आधीच उभी होती. तिने महिन्यामागून महिना आकडे सांगितले, चूक सोसायटीची होती हे मान्य केलं आणि पुढच्या बिलात किती रुपये वळते होतील तेही सांगितलं. गृहस्थ खाली बसले.

तिने जुन्या तिन्ही कोर्सचे तारेही बदलले. त्याखाली एवढंच लिहिलं की शिकवणाऱ्याचं बोलणं चांगलं आहे, पण संपूर्ण कोर्समध्ये एकदाही कोरं पान समोर ठेवलं जात नाही, आणि कोर्सनंतर मला एक महिन्याची बँक जुळवणी जमली नव्हती.

दिवाळीनंतर चौकापलीकडचा एक मुलगा तिच्याकडे आला. त्याला व्हिडिओ एडिटिंग शिकायचं होतं, फोनवर दोन कोर्स काढून त्याने विचारलं, "ताई, यातला कुठला चांगला?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "दोन्हींचा पहिला धडा घेऊन रविवारी चार वाजता काकूंकडे ये. आणि तुझ्या घरच्या गणपतीचं जे कच्चं शूटिंग पडलंय ना, ते पेन ड्राइव्हवर घेऊन ये."