वय पंधराचं, गणित पाचवीचं

शाळा नकोशी झालेल्या किंवा शाळेत मागे पडलेल्या मुलाला आठवी-नववीनंतर घरीच शिकवायचं ठरलं, की पालकांची धावपळ सुरू होते ती पर्यायांची. १७ नंबरचा, म्हणजे खासगी उमेदवाराचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) घ्यायचं, की खासगी उमेदवार म्हणूनच आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसवायचं? त्यात कुणीतरी एखाद्या ॲपचं वर्षभराचं पॅकेज सुचवतं. फी, मान्यता, पुढे अकरावीला प्रवेश मिळेल का, या सगळ्याची चौकशी होते. मुलाला नेमकं कुठपर्यंत येतं, ही चौकशी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. माझ्या मते खरी निवड तिथे सुरू होते. मंडळ कोणतं हा नंतरचा प्रश्न.

नववीतल्या मुलाला बीजगणित येत नाही, तेव्हा अडचण बहुधा बीजगणितात नसते. दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता हे त्याला चौथी-पाचवीत कळलेलं नसतं, आणि त्यानंतरचं सगळं त्या न कळलेल्या गोष्टीवर रचलेलं असतं. हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनं २०२३ साली १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगितलं. ते ४३.३ टक्क्यांनाच जमलं. जवळजवळ चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईनं वाचता आला नाही. यातली बहुसंख्य मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली होती. म्हणजे वर्ग पुढे सरकत गेले आणि शिकणं मागे थांबलं. अशा मुलाच्या हाती नववीचं नवं पुस्तक दिलं, मग ते कितीही सुंदर छापलेलं असो, त्यावरचे व्हिडिओ कितीही रंगीत असोत, आपण त्याला पुन्हा त्याच भिंतीसमोर उभं करतो.

आणि मग मूल म्हणतं, ‘मला कंटाळा येतो.’ हे वाक्य फार जपून ऐकायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मला आवडत नाही’ म्हणणं कितीतरी सोपं जातं. पाच-सहा वर्षं बाकावर बसून न समजणारं ऐकत राहायचं, मान डोलवायची, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचं, पकडलं जाणार नाही इतपत हुशारीनं वागायचं, यात केवढी शक्ती खर्च होत असेल! नाखुशी म्हणून आपण जे पाहतो त्यात पुष्कळदा लाज असते. कोणताही अभ्यासक्रम घ्या, त्या लाजेत भर पडणार असेल तर तो चालणार नाही.

म्हणून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे काही विकत घेऊ नये. मुलाशी बोलावं, त्याच्याबरोबर काम करावं, आणि त्यातून गाठ कुठे बसली आहे ते शोधावं. किराण्याच्या बिलातली सूट तो कशी काढतो, बातमी वाचून आपल्या शब्दांत सांगू शकतो का, पाव आणि तृतीयांश यांतलं मोठं काय हे त्याला चित्र न काढता सांगता येतं का? धाकट्या भावंडांसमोर मोठ्यानं वाचायला लावू नये. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. बोलताना चुणचुणीत असलेलं मूल लिहिता-वाचताना सतत अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्यावी. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६पासून या विषयात काम करते आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेची दखल घेतली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. सवलतींपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ‘आळशी’ हा शिक्का त्या दिवशी पुसला जाऊ शकतो. आईबाबांच्या मनातला आणि मुलाच्या स्वतःच्या मनातलाही.

आता खरी अडचण येते. गाठ पाचवीत सापडली, तरी पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर पाचवीचं पुस्तक ठेवता येत नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाला सफरचंदांचे तुकडे मोजायला लावणं हा त्याचा अपमान आहे. शिकणं पाचवीपासून हवं आणि वागणूक पंधराव्या वर्षाला शोभेल अशी हवी. हे दोन्ही एकत्र कसं आणायचं?

यावर महाराष्ट्रातच एक उत्तर शोधलं गेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून ते तिथे गेले, आणि शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी काम करत शिकवायला घेतलं. फॅब्रिकेशन, विजेची कामं, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया. तिथल्या निवासी पदविकेला एनआयओएसची मान्यता आहे. हाताला काम देणं एवढंच त्यात महत्त्वाचं नाही. त्या कामातून गणित आणि विज्ञान कसं उलगडतं ते पाहायला हवं. सहा मीटरच्या अँगलमधून पाऊण मीटरचे तुकडे किती निघतील? कागदावर आठ. पण कटरची चकती प्रत्येक कापणीत दोन-तीन मिलिमीटर लोखंड खाते. सात कापण्यांनंतर आठवा तुकडा जवळजवळ दोन सेंटिमीटरनं आखूड पडतो, आणि दाराची चौकट जुळत नाही. आता भागाकार, दशांश चिन्ह, एककांचं रूपांतर हे सगळं त्या मुलाला हवंसं वाटू लागतं, कारण चौकट जुळवायची आहे. हे गणित पाचवी-सहावीचंच, पण ते मोठ्या माणसाच्या कामात आलं आहे.

काही जण म्हणतात, हे ‘ढ’ मुलांसाठी ठीक आहे. या म्हणण्याचा मला राग येतो. हातानं काम करणाऱ्याला कमी लेखण्याची आपल्या समाजाची जुनी खोड त्यात बोलते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकण्याचा विचार मांडला, तो सगळ्या मुलांसाठी होता. मागे राहिलेल्यांची वेगळी सोय म्हणून तो आलाच नव्हता.

प्रत्येकाच्या घराजवळ पाबळ नसेल. सायकल दुरुस्तीचं दुकान असतं, शिवणाचं मशीन असतं, नात्यातल्या कुणाची नर्सरी असते, आणि स्वयंपाकघर तर घरातच असतं. चाळीस माणसांच्या जेवणाचा हिशेब एकट्यानं मांडून सामान आणलं, तर त्रैराशिक होऊन जातं. वाचनाचंही तेच. वाक्य सोपं हवं, पण विषय बाळबोध नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मला यासाठी फार मोलाची वाटते. वाक्यं लहान, शब्द रोजचे, आणि गोष्ट मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या एका कोवळ्या मास्तरची. अडखळत वाचणाऱ्यालाही त्यात मोठ्यांचं जग भेटतं. त्याहून सोपं हवं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. आणि मूल इंग्रजी माध्यमात असेल, तर त्याला विज्ञान कळत नाही की इंग्रजी, हे आधी तपासावं. प्रकाशसंश्लेषण मराठीत समजावल्यावर ‘एवढंच होय?’ म्हणणारी मुलं असतात. माध्यम बदलणं ही माघार आहे, असं मानायचं कारण नाही.

हे सगळं पाहिल्यावर मंडळाचा प्रश्न बराच सोपा होतो. कायद्याची धास्ती नको. शिक्षण हक्क कायद्याचा वयोगट ६ ते १४ वर्षांचा आहे, आपण त्यापलीकडच्या मुलांविषयी बोलतो आहोत. १७ नंबरचा फॉर्म भरला की राज्य मंडळाचा नेहमीचाच अभ्यासक्रम येतो, तीन भाषांसकट. ज्याचा पाया बरा आहे आणि फक्त शाळा सोसवत नाही, त्याला तो चालेल. ज्याच्या पायातच भेगा आहेत, त्याच्यासाठी मला एनआयओएस उजवं वाटतं, आणि तेही त्याच्या सोपेपणासाठी नाही. तिथे पाच विषय पुरतात, त्यात एक भाषा असली की झालं. चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असे विषय घेता येतात, माध्यमिकला मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. ज्याला एकदम सहा आघाड्यांवर हरायची सवय झाली आहे, त्याला एका आघाडीवर जिंकायची सोय यात आहे.

गणित सोडताही येतं. हा निर्णय घाईनं घेऊ नये. तंत्रनिकेतन, आयटीआयचे बरेचसे ट्रेड यांना दहावीचं गणित-विज्ञान लागतं, आणि हातानं कामं करायला आवडणारी मुलं नेमकी तिकडेच वळण्याचा संभव असतो. गणित शेवटच्या संधीसाठी ठेवावं, तोपर्यंत पाया भरावा, हे मला जास्त पटतं.

मोकळीक मिळाली की ती वाया घालवण्याच्या वाटाही असतात. पालक घाबरतात, आणि पाच वर्षांची मुदत असताना पाचही विषय एकाच एप्रिलमध्ये उरकायला लावतात. एनआयओएसला घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाच्या वह्या, म्हणजे टीएमए, तयार विकत मिळतात, त्या उतरवून दिल्या की वीस टक्के गुणांची बेगमी होते आणि मुलाला पुन्हा जुनाच धडा मिळतो, की शिकल्यासारखं दाखवलं म्हणजे पुरे. त्यापेक्षा चुकांनी भरलेली, पण स्वतःची टीएमए जाऊ द्यावी. महागडं पॅकेजही असंच नडतं. एकदा पैसे भरले की ‘एवढे हजार घातलेत’ हे वाक्य घरात राहायला येतं. एनआयओएसची आणि बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. खर्चच करायचा तर तो माणसावर करावा. शेजारची एखादी कॉलेजात जाणारी ताई आठवड्यातून तीनदा तासभर शांतपणे बसली, तर आई किंवा बाबांशी रोज होणारी खडाजंगीही टळते.

विषय निवडायला मात्र मुलाबरोबरच बसावं. पुस्तकं उघडून त्याच्यासमोर ठेवावीत, प्रत्येकातला एखादा धडा दोघांनी वाचावा, आणि पाचपैकी दोन तरी विषय त्याच्या पसंतीचे असावेत. पहिला पेपर कोणता आणि तो एप्रिलमध्ये द्यायचा की ऑक्टोबरमध्ये, हे त्यानं सांगावं. त्यानं चित्रकला म्हटलं, तर चित्रकलेचा फॉर्म भरावा.