उरलेला वीतभर गोट

आईची गोधडी वीतभर अपुरी राहिली होती. चारही कडांनी गोट लागला होता. फक्त पायाकडच्या बाजूला पट्टीची दोन टोके मोकळी लोंबत होती. गेल्या वर्षी श्रावणात आई गेली आणि दिवाळीला मुंबईहून आलेल्या धाकट्या बहिणीने ती गोधडी आपल्या मुलासाठी मागितली. म्हणाली, "ताई, एवढेसे तू पुरे कर. सारी आजीनेच शिवली असे सांगू त्याला."

मी हो म्हटले, सुई ओवली आणि तिथेच अडले.

गोटाची टोके जोडणे वाटते तितके सोपे नसते. एकावर एक ठेवून टाके घातले की कापडाचे सारे थर एका रेषेत येतात, तिथे गाठीसारखा उंचवटा होतो, आणि धुण्याच्या दगडावर आधी तोच झिजतो. म्हणून जाणती बाई आरंभीच वीतभर पट्टी न शिवता सोडते. फेरी पुरी झाली की दोन टोके एकमेकांवर घ्यायची, ती पट्टीच्या उलगडलेल्या रुंदीइतकीच. अडीच इंच रुंद पट्टी असेल तर अडीच इंच, तसूभरही कमीजास्त नाही. बाकीची कापायची. मग टोके उलगडून, सुलट बाजू समोरासमोर आणून, काटकोनात धरायची आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी शिवण घालायची. या वेळी गोधडी चुरगळून हाताखाली गोळा करावी लागते. नाहीतर टोके एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. जादा कोपरा छाटण्याआधी उलगडून पाहायचे. पीळ पडला असेल तर अजून उसवता येते. कात्री चालली की संपले! शेवटी पाव इंच ठेवून कोपरा कापायचा आणि शिवणीचे पदर दोन्हीकडे पसरून नखाने दाबायचे. तिरपेपणामुळे जाडी एका जागी साचत नाही. जोड असतो, पण दिसत नाही.

आणि माझे अडले ते याच शब्दांपाशी. माझे टाके आईच्या टाक्यांत असे मिसळून टाकायचे की तिचा हात कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला हे कोणाला कळू नये, हे सुबक काम की लबाडी?

शाळेत मी काय करते? मुलाच्या वहीत वडिलांचे वळण दिसले की गुण कापते. उलट, घरी बसून कादंबऱ्या लिहिते तेव्हा घडलेल्याला न घडलेले जोडते आणि तो जोड लपला म्हणजे मनातून सुखावते. पण तिथे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते की ही कादंबरी आहे.

एकदा वाटले, जोड मुद्दाम तांबड्या दोऱ्याने घालावा. पण ती माझ्या प्रामाणिकपणाची पाटी झाली असती, आणि तीही आईच्या गोधडीवर. तिने ती पाहताक्षणी उसवली असती. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांचे मला बरे वाटते. त्या आपली कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि फेऱ्या घालत मध्याकडे जातात. कड आधीच दुमडलेली. गोट नाही, म्हणून त्याची टोकेही नाहीत. आमच्या नशिबी मात्र टोके आहेत.

हा तिरपा जोडही आईचा स्वतःचा नव्हे. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाची वसाहत झाली, घाटावरची कुटुंबे आली, त्यांतल्या एका शेजारणीने तिला तो शिकवला. ती बाई गोधडीला वाकळ म्हणे. कोयनेचे पाणीही तसेच घाटावरचे. कृष्णेबरोबर पूर्वेला जायचे ते १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटातून इकडे उतरते, पोफळीला वीज देऊन, पुढे कोळकेवाडीच्या धरणातून आमच्या वाशिष्ठीला मिळते. मिळाल्यावर कोणते पाणी कोणाचे हे कोण सांगणार? आणि वाशिष्ठीने ते सांगावे असेही नाही. पण कोणी विचारले आणि आपण "सारे वाशिष्ठीचेच" म्हटले, तर ते खोटे झाले. तेव्हा मला थोडे सुचले: आईने जन्मभर जोड लपवले ते डोळ्यांपासून, विचारणाऱ्यापासून नव्हेत. टाका न दिसणे यात वावगे काही नव्हते. वावगे होते ते बहिणीने ठरवलेले वाक्य. तिला तरी दोष काय द्यावा? शेवटच्या दोन वर्षांत तिला फारसे येता आले नव्हते. आईची एक वस्तू तरी तिला अखंड हवी होती.

मी आईच्या पद्धतीने जोड घातला. पहिल्यांदा पीळ पडला, उसवून पुन्हा शिवला. बहिणीने गोधडी उलटसुलट पाहिली. जोड तिला सापडला नाही. ती खूष झाली.

रात्री भाच्याने विचारले, "ही सगळी आजीने शिवली?"

"आजीने," मी म्हटले, "आणि एवढीशी मी."

बहीण काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊबीजेपर्यंत तिचे माझे बोलणे कामापुरतेच चालले होते. भाच्याला मात्र ती "एवढीशी" पाहायची होती. मी गोट हातात घेतला. मलाही पटकन जागा मिळेना. मग दिवा मालवून आम्ही दोघे अंथरुणावर बसून गोटावरून बोटे फिरवू लागलो. जोड आधी त्याला लागला.

"मावशी," तो म्हणाला, "इथे जरा जाड आहे."